थाई पाहुण्यालाही एकच भाव सांगा

अजिंठा-वेरूळच्या तिकीटखिडकीवर दोन दर असतात हे सर्वांना ठाऊक आहे. एक भारतीयांचा आणि दुसरा परदेशी पाहुण्यांचा, जो पहिल्याच्या कितीतरी पट मोठा असतो. परंतु त्याच नियमात आणखी एक तरतूद आहे आणि ती आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. सार्क व बिमस्टेक या दोन संघटनांतील देशांच्या नागरिकांना तेथे भारतीयांचाच दर लागतो. बिमस्टेक ही बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांची संघटना १९९७ साली बँकॉकमध्ये स्थापन झाली आणि थायलंड तिचा पहिल्यापासूनचा सभासद आहे. म्हणजे थायलंडचा माणूस पासपोर्ट दाखवून लेणी पाहायला गेला तर सरकार त्याला घरचा समजते. तोच माणूस वर्ध्यात गादी घ्यायला, सायकल दुरुस्त करायला किंवा कपडा शिवायला आपल्या दुकानाच्या पायरीशी आला की मात्र आपण त्याच्या चेहऱ्याकडे पाहून भाव सांगतो. हा भाव दीडपट होतो, कधी दुप्पट. पुरातत्त्व खात्याला जे जमले ते आपल्या बाजाराला जमू नये, याचे आम्हाला वाईट वाटते. त्याहून अधिक म्हणजे यात आपलाच तोटा आहे, हे आम्हाला येथे मांडायचे आहे.

वर्ध्याला थाई माणूस येतोच कुठे, असे कोणी विचारील. येतो. संख्या मोठी नाही, हे आधीच मान्य करतो. पण वर्धा हे परदेशी माणसाला नवखे गाव नाही. गांधीजी १९३४ साली वर्ध्याला आले, १९३६ साली शेगावात राहायला गेले आणि त्या गावाचे १९४० साली सेवाग्राम झाले. तेव्हापासून येथे जगभरची माणसे येत आहेत. पवनारला विनोबांचा ब्रह्मविद्या मंदिराचा परिसर आहे, गोपुरीजवळ जपानच्या निप्पोनझान म्योहोजी संघाने उभारलेला विश्वशांती स्तूप आहे. नागपूरची दीक्षाभूमी रेल्वेने किंवा मोटारीने दीड-दोन तासांवर आहे. बौद्ध देशांतून जो यात्रेकरू दीक्षाभूमीपर्यंत येतो, तो पुढे स्तूप आणि आश्रम पाहायला वर्ध्याकडे वळला तर नवल नाही. थायलंडला गांधीजी परके नाहीत. तरुणपणी सारनाथ आणि शांतिनिकेतन येथे शिकलेल्या करुणा कुशलासय या थाई पंडितांनी गांधीजींचे आत्मचरित्र थाई भाषेत नेले. ते वाचून वाढलेल्या माणसाला सेवाग्रामची बापूकुटी पाहावीशी वाटणारच.

तथापि व्यापाराच्या दृष्टीने खरा पाहुणा हा नव्हे. एका दिवसात येऊन जाणारा यात्रेकरू पाण्याची बाटली, केळी आणि फार तर खादीचा रुमाल घेतो. खरे गिऱ्हाईक म्हणजे विद्यार्थी. महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय १९९७ साली स्थापन झाले. त्याचा परिसर उमरीच्या बाजूला टेकडीवर आहे. हिंदी शिकायला परदेशातून जे विद्यार्थी येथे येत आले त्यांत थायलंडचेही आहेत. असा विद्यार्थी काही महिने, कधी दोन वर्षे राहतो. तो पर्यटक नसतो. त्याला बादली लागते, तांदूळ लागतो, चप्पल तुटली की मोची लागतो, थंडीत रजई लागते. बँकॉकमध्ये पारा वीसच्या खाली क्वचितच जातो. आपल्याकडे डिसेंबरच्या रात्री तो दहाच्या आसपास येतो आणि मे महिन्यात पंचेचाळीस ओलांडतो. या दोन्ही टोकांची सवय त्याला नसते. आमच्या पिंजारी बांधवांनी हे ध्यानात घ्यावे. हे गिऱ्हाईक ऑक्टोबरअखेर दुकानात येते, घाबरलेले असते, त्याला रजईत किती कापूस असतो हे ठाऊक नसते. कापूस त्याच्यासमोर तोलून, शिलाई वेगळी सांगून, जो भाव शेजारच्या मोहल्ल्यातल्या गिऱ्हाइकाला सांगतो तोच त्याला सांगितला, तर पुढच्या वर्षी येणारी तुकडीही त्याच दुकानात येईल. कारण हे विद्यार्थी एकमेकांना विचारूनच बाजारात उतरतात. एकाला जास्त भाव लावला की ती खबर संध्याकाळपर्यंत वसतिगृहातल्या सगळ्यांच्या मोबाईलवर असते. दुसऱ्या दिवशी रजई घरपोच मागवली जाते. ती पिंजलेल्या कापसाची नसते, तिच्यात धागा भरलेला असतो, पण तिच्यावर भाव छापलेला असतो. गिऱ्हाईक त्या छापील भावासाठी जाते, मालासाठी नव्हे.

दोन भावांचा आणखी एक धोका आहे. पॅकबंद मालावर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा जास्त घेणे हा वजनमापे कायद्याखाली गुन्हा आहे, मग गिऱ्हाईक कोणत्याही देशाचे असो. थायलंडमध्ये दुकानदाराने मालावर भाव लावून ठेवावा असा कायदा आहे, त्यामुळे तेथला माणूस आधी भावाची चिठ्ठी शोधतो. याचा अर्थ तो घासाघीस करीत नाही असा नाही. तेथल्या बाजारांत घासाघीस चालते, बँकॉकच्या चतुचक बाजारात तर शनिवार-रविवारी हजारो माणसे तेवढ्यासाठी जातात. पण तेथली घासाघीस हसतमुखाने, हळू आवाजात चालते. आवाज चढवणे, माल हिसकावून ठेवणे, "घ्यायचं नसेल तर विचारता कशाला" असे म्हणणे, हा तेथे मोठा अपमान समजतात. असा माणूस उलटून बोलत नाही. तो हसतो, हात जोडतो आणि परत येत नाही. आपला दुकानदार समजतो, गिऱ्हाईक खूश होऊन गेले.

गंमत अशी की थाई भाषेत गोऱ्या माणसाला 'फरांग' म्हणतात, जो आपल्या फिरंगीचा सख्खा भाऊ आहे. आणि हिंदुस्थानी, मलाय, अरब अशा सर्वांना मिळून जो शब्द आहे, 'खॅक', त्याचा मूळ अर्थ पाहुणा. तो नेहमीच आदराने वापरला जातो असे नाही, पण अर्थ तोच आहे.

या पाहुणचाराचा एक जुना व्यापारी दाखला आमच्या वाचकांनी जरूर लक्षात ठेवावा. सुरतेच्या मस्कती या बोहरा घराण्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बँकॉकमध्ये कापडाची पेढी घातली. त्या काळी सयाममध्ये अंगावरच्या वस्त्रांवर विशिष्ट नक्षी चालत असे. मस्कतींनी आपल्याकडची नक्षी तेथे खपवण्याचा हट्ट केला नाही. त्यांनी सयामी माणसाला जी नक्षी हवी ती समजून घेतली आणि तसे कापड गुजरातेत छापवून तेथे नेले. ते इतके रुजले की घराण्याचे नावच तेथे कापडाची ओळख बनले. त्या व्यापारी वस्तीच्या खुणा बँकॉकमध्ये चाओ फ्राया नदीच्या पलीकडच्या काठावर ख्लोंग सान भागात अजून आहेत, बोहरा जमातीची मशीदही तेथेच आहे. परक्या देशात जाऊन, तेथली भाषा नसताना, ज्यांनी गिऱ्हाइकाची आवड ओळखून पिढ्यान् पिढ्या तिजारत केली, त्यांच्यापुढे आपले काम किती सोपे आहे! आपले थाई गिऱ्हाईक तर स्वतः चालत आपल्या गल्लीत येते, आणि तेही हिंदी बोलत. त्याला देवनागरी वाचता येते. दरफलक इंग्रजीत रंगवण्याची गरज नाही. आपण रोज लिहितो तसा लिहिला तरी पुरे, फक्त लिहावा.

आता त्याला हवे काय, हे पाहू. आमच्या किराणा आणि भाजीवाल्या बांधवांना वाटते की थाई माणसाचे जेवण म्हणजे काही अगम्य प्रकार, त्याचा माल मुंबईहूनच मागवावा लागेल. तसे नाही. थाई स्वयंपाकात जी सुगंधी पात रोज लागते, तिला ते 'तक्राय' म्हणतात. ती म्हणजे आपला गवती चहा. वर्ध्यात अनेकांच्या अंगणात तो फुकट वाढतो. 'खा' नावाचे जे मूळ ते रश्शात घालतात, ते आल्याचे भावंड आहे आणि आपल्या पन्साऱ्याकडे त्याच जातीचे मूळ वाळवलेल्या रूपात कुलिंजन म्हणून खोकल्याच्या औषधांच्या बरणीत पडून असते. ओले मिळाले तर उत्तमच, पण वाळलेल्यावरही त्यांचे भागते. 'मखाम' म्हणजे चिंच. 'मलाको' म्हणजे पपई, आणि ती त्यांना कच्ची हवी असते, किसून मिरची-लिंबू-शेंगदाण्यांबरोबर कोशिंबिरीसाठी. आपल्याकडे कच्ची पपई कोणी विकायला आणत नाही, कारण मागणारा नाही. तो आता आहे. 'खमिन' म्हणजे हळद. दक्षिण थायलंडच्या स्वयंपाकात ती भरपूर लागते, आणि आपल्या समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला तर २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. घरी परतणाऱ्या विद्यार्थ्याने आईसाठी न्यावी अशी याहून चांगली वस्तू कोणती? पण ती सुट्या कागदाच्या पुडीत बांधून चालणार नाही. बंद पाकीट, वजन, तारीख आणि गावाचे नाव हवे. विमानतळावर सुट्या पिवळ्या पुडीची काय चौकशी होते ते ज्याचे त्याला ठाऊक. गोरस भांडाराचा गोरसपाक वर्ध्याबाहेर का जातो, याचे अर्धे उत्तर त्याच्या चवीत आहे आणि अर्धे तो बांधून मिळतो यात.

तांदळाबाबत एक सूचना. ते मऊ, सुवासिक तांदूळ खातात. आपल्याकडचा सुटा-सुटा फडफडीत भात त्यांना कोरडा लागतो. बासमती महाग म्हणून तोच उत्तम, असे सांगून माथी मारू नये. भंडारा-गोंदियाचा चिन्नोर किंवा आंबेमोहर दाखवावा. गिऱ्हाइकाचे पैसे वाचतील, आणि ते पुन्हा येईल.

विजेच्या सामानाच्या दुकानातही असाच प्रसंग येतो. थाई विद्यार्थी भात शिजवण्याचे भांडे घरून आणतो, त्याची पिन आपल्या खोबणीत बसत नाही. थायलंडमधला विजेचा दाब आपल्याइतकाच, म्हणजे २२०-२३० व्होल्टचा आहे. त्याला फक्त पिन बदलणारा छोटा तुकडा हवा असतो. त्याला ट्रान्सफॉर्मर विकणे म्हणजे निव्वळ लबाडी. अशा गोष्टी एकदा पचतात. गिरडच्या टेकडीवर बाबा फरीदांच्या दर्ग्याला आपल्या जिल्ह्यातले हिंदू-मुसलमान दोघेही जातात. तेथल्या जायफळासारख्या गोल दगडांची दंतकथा सर्वांनी ऐकलेली आहे. फकिराची थट्टा करणाऱ्या फिरत्या व्यापाऱ्यांचा सारा माल दगड झाला म्हणतात. भूगर्भवाले त्याचे कारण वेगळे सांगतील, पण कथा रचणाऱ्याने माल नेमका व्यापाऱ्याचाच निवडला.

खाटीक आणि खानावळ चालवणाऱ्या बांधवांसाठी दोन शब्द वेगळे लिहिणे भाग आहे. थायलंडचा प्रत्येक माणूस बौद्ध नसतो. पत्तानी, याला, नराथिवात या दक्षिणेकडच्या प्रांतांत मुसलमानांची बहुसंख्या आहे, त्यांपैकी बहुतेक घरांत मलायू भाषा बोलली जाते. थायलंडमध्ये डबाबंद पदार्थांवर तेथल्या केंद्रीय इस्लामी परिषदेची हलाल खूण असते, त्यामुळे तेथला मुसलमान ती खूण पाहून खरेदी करायला शिकलेला असतो. आपल्याकडे पाटीवर काही लिहिलेले नसते, कारण गावातल्या प्रत्येकाला दुकान कोणाचे हे माहीत आहे. बाहेरून आलेल्याला ते कसे कळणार? त्याने संकोचत विचारले तर चिडू नये, सरळ उत्तर द्यावे. बौद्ध विद्यार्थी डुकराचे मांस मागेल, त्यालाही कपाळाला आठ्या न घालता आमच्याकडे मिळत नाही असे सांगावे आणि कोंबडी, मासळी दाखवावी. खानावळीत भिक्खू आले तर वेळेची काळजी घ्यावी. ते दुपारी बारानंतर जेवत नाहीत, म्हणून त्यांना साडेबाराला थांबवून ठेवण्यात अर्थ नाही. नियम पाळणारे बरेच भिक्खू पैशाला हात लावत नाहीत, बिल सोबतचा गृहस्थ देतो. स्त्रीने भिक्खूच्या हातात वस्तू थेट देऊ नये, समोर ठेवावी. यात अपमान नाही, त्यांचा रिवाज आहे.

पैशाचा व्यवहार हा सध्याचा सर्वांत मोठा अडथळा आहे. २०१६ नंतर यूपीआय आले आणि आपल्या टपरीवरही स्कॅनचा कागद चिकटला. चांगलेच झाले. परंतु नव्याने आलेल्या परदेशी विद्यार्थ्याचे बँक खाते उघडायला वेळ लागतो, आणि तोपर्यंत त्याच्याजवळ फक्त पाचशेच्या नोटा असतात. "सुटे नाहीत, स्कॅन करा" हे उत्तर त्याच्यासाठी दुकान बंद असल्यासारखेच आहे. वास्तविक स्कॅन त्याला नवीन नाही, थायलंडमध्ये प्रॉम्प्टपे नावाची तशीच व्यवस्था २०१७ पासून घराघरांत पोचली आहे. २०२३ साली जी-२० च्या निमित्ताने परदेशी पाहुण्यांसाठी आधी पैसे भरून वापरायची यूपीआयची सोय निघाली, २०२४ साली भारत, थायलंड आणि आणखी तीन देशांच्या मध्यवर्ती बँका आपापल्या व्यवस्था जोडण्यासाठी एकत्र आल्या. हे सारे होईल तेव्हा होवो. तोवर गल्ल्यात सुटे ठेवणे हे दुकानदाराच्या हाती आहे. मात्र कोणी थाई बाट पुढे केली तर घेऊ नये. परकीय चलन बदलण्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, आणि ओळखीखातर घेतलेली नोट पुढे बँकेत दाखवताना तोंड लपवावे लागते.

घर भाड्याने देणाऱ्यांनीही सावध असावे. परदेशी माणूस मुक्कामाला आला की त्याची माहिती चोवीस तासांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याकडे कळवण्याची जबाबदारी ठेवून घेणाऱ्याची असते. हे लॉजवाल्यांना ठाऊक असते, घरमालकांना नसते. कागदपत्रांची प्रत घ्यावी, पासपोर्ट स्वतःजवळ ठेवून घेऊ नये. कोणाचा पासपोर्ट अडकवून भाडे वसूल करणे म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा.

आमची एक सूचना सायकलवाल्या आणि जुन्या फर्निचरच्या व्यापाऱ्यांना आहे. विद्यार्थी वर्ष-दोन वर्षांनी जाणार हे ठरलेलेच असते. सायकल, पलंग, टेबल, कूलर विकताना पावतीवरच परत घेण्याची किंमत लिहून द्यावी. आज होते असे की जाण्याच्या आदल्या दिवशी तो सायकल घेऊन बाजारभर फिरतो आणि कोणीतरी भंगाराच्या भावात ती उचलतो. पावतीवर किंमत लिहिलेली असेल तर तो दुकान बदलणार नाही, आणि तीच सायकल पुढच्या तुकडीला दुसऱ्यांदा विकता येईल. एकाच मालावर दोनदा नफा आणि दोन्ही गिऱ्हाइके खूश, असा धंदा रोज मिळत नाही.

आता ज्यांचा आक्षेप आहे की चार-दोन थाई माणसांसाठी एवढा खटाटोप कशाला, त्यांना आमचे म्हणणे असे. कोणी यावर श्रीमंत होणार नाही. पण दरफलक, पावती, सुटे पैसे आणि एक भाव या गोष्टी थाई माणसासाठी केल्या की त्या सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात बिहार-केरळातून येणाऱ्या मुलांनाही लागू पडतात. परक्या माणसाला भाव वाढवून सांगण्याची सवय देशाची सीमा पाहत नाही. आज थाई, उद्या मल्याळी, परवा शेजारच्या तालुक्यातला शेतकरी.

शिंपी बांधवांचा विषय आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला, कारण विद्यार्थ्यांपेक्षा मोठे काम तेथे आहे. चीवर शिवणे हे सोपे दिसते, पण ते सलग कापडाचे नसते. तुकडे जोडून, मध्ये पट्ट्या घालून ते शिवतात. मगधातल्या भाताच्या खाचरांसारखी ती आखणी असावी, असे बौद्ध ग्रंथांत सांगितले आहे. जोड नको, सलगच सुबक दिसेल म्हणून शिंप्याने सुधारणा केली की चीवर निरुपयोगी. नमुना समोर ठेवून, शिवण मोजूनच काम घ्यावे. थाई भिक्खूंच्या चीवराचा रंग विहाराप्रमाणे बदलतो, भगव्यापासून गडद तपकिरीपर्यंत, म्हणून रंगाचा तुकडा कापून पावतीला टाचून ठेवावा. वर्षावास आश्विन पौर्णिमेला संपतो आणि त्यानंतर कार्तिक पौर्णिमेपर्यंतचा महिना कठीण चीवरदानाचा असतो. ही मागणी फक्त थाई भिक्खूंची नाही, आपल्या विदर्भातल्या विहारांचीही आहे. कापड भाद्रपदातच घेऊन ठेवावे आणि एक वार भिजवून, वाळवून रंग पाहावा. पहिल्या धुण्यात रंग उतरला तर पुढच्या वर्षीचे काम नागपूरला जाते.